‘वॉटरमन’ : लंडनच्या गाडीतळावरील एका सेवकाचे नाव आणि काम

चार्ल्स डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ ही कादंबरी १८३६-३७ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या दुसऱ्या प्रकरणात श्रीयुत पिकविक सकाळी घराबाहेर पडतात आणि सेंट मार्टिन्स-ल-ग्रँड येथील गाडीतळावर येऊन गाडीसाठी हाक देतात. हाकेसरशी जो मनुष्य पुढे येतो तो गाडीवान नव्हे. त्याच्या अंगात गोणपाटाचा कोट आहे, कमरेपुढे तशाच कापडाचे आवरण बांधलेले आहे, आणि गळ्यात क्रमांक घातलेला एक पितळी बिल्ला लोंबत आहे; जणू कोणी त्याला दुर्मिळ वस्तूंच्या संग्रहात नोंदवून ठेवले असावे, अशी डिकन्सने त्याची थट्टा केली आहे. हा मनुष्य रांगेतील पहिल्या गाडीला पुकारतो. तिचा हाकणारा मद्यगृहात दिवसाची पहिली चिलीम ओढीत बसलेला असतो; त्याला तेथून आणण्यात येते, पिकविक गाडीत बसतात, आणि गाडी निघता निघता गाडीवान ह्या मनुष्याला उद्देशून, भाडे अवघ्या एका शिलिंगाचे आहे, असे कुरकुरत सांगतो. त्याचे नाव टॉमी. कथानक गाडीबरोबर पुढे जाते आणि टॉमी तळावरच राहतो.

डिकन्स त्याला ‘वॉटरमन’ म्हणतो. ही काही डिकन्सने केलेली गंमत नव्हे. लंडनच्या रस्त्यावर, पोलिसांच्या दप्तरात आणि पार्लमेंटच्या कायद्यातही ह्या सेवकाचे हेच नाव होते. शब्दशः पाहिले तर ‘पाण्याचा माणूस’. मराठीत ज्याला ‘पाणक्या’ म्हणतात त्याच्या अगदी जवळचा हा शब्द आहे. परंतु टॉमीने पिकविकांसाठी जे केले त्यात पाण्याचा संबंध कोठेच येत नाही. त्याने उतारूची हाक ऐकली, गाडी कोणाची पाळी हे ठरविले, गैरहजर गाडीवानाला आणविले आणि दोघांची गाठ घालून दिली. गाडीतळावर उभे राहून गाडी आणि उतारू ह्यांचा मेळ घालणारा, असे त्याच्या कामाचे वर्णन करावे लागेल. मग त्याला पाणक्या का म्हटले गेले, आणि ह्या नावाचा त्याच्या दैवाशी काही संबंध होता काय, हे दोन प्रश्न उपस्थित होतात. त्यांपैकी पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे तितकेसे नाही.

प्रथम एक गोंधळ दूर करणे अवश्य आहे. लंडनमध्ये ‘वॉटरमन’ ह्या शब्दाचा मुख्य अर्थ थेम्स नदीवरील नावाडी असा होता, आणि आजही आहे. शहराच्या मुख्य भागात १७५० पर्यंत नदीवर एकच पूल होता. पैलतीरावरच्या नाटकगृहांकडे जायचे असो वा वेस्टमिन्स्टरच्या न्यायालयांकडे, होडी हेच सोयीचे वाहन. ह्या नावाड्यांची भाडी १५१४ च्या कायद्याने ठरवून देण्यात आली होती, आणि १५५५ च्या कायद्याने त्यांचा संघ स्थापन झाला. उमेदवारी केल्याशिवाय कोणास ह्या धंद्यात शिरता येत नसे. थॉमस डॉगेट ह्या नटाने १७१५ पासून तरुण नावाड्यांसाठी एक शर्यत सुरू केली. जिंकणाऱ्यास कोट आणि दंडावर मिरविण्याचा मोठा रुपेरी बिल्ला मिळे. ती शर्यत अद्याप चालू आहे. तात्पर्य, नदीवरच्या वॉटरमनपाशी संघ होता, उमेदवारीची परंपरा होती आणि सन्मानाचा बिल्ला होता. तळावरच्या वॉटरमनपाशी ह्यांपैकी बिल्ला तेवढा होता, आणि तोही पितळी.

ह्या दोघांत नावापलीकडे नाते आहे ते वैराचे. जॉन टेलर हा थेम्सवरचाच एक नावाडी. तो स्वतःला ‘जलकवी’ म्हणवीत असे. भाड्याच्या घोडागाड्या आपल्या लोकांचे गिऱ्हाईक पळवितात ह्या संतापाने त्याने १६२३ मध्ये ‘द वर्ल्ड रन्स ऑन व्हील्स’ नावाची एक पुस्तिका काढली. पुढे त्याच गाड्यांच्या तळावर, त्याच गाड्यांची चाकरी करणाऱ्या माणसाला नावाड्यांचेच नाव मिळावे, हा योगायोग टेलरला फारसा रुचला नसता. शब्दांच्या इतिहासात असे योगायोग नेहमी घडतात. येथे जुन्या शब्दाचा अर्थ विस्तारला असे मात्र समजू नये. नदीचे पाणी निराळे आणि बादलीतले पाणी निराळे. एकाच घटकांपासून तोच समास दोन वेळा, स्वतंत्रपणे, तयार झाला.

गाडीतळाचा जन्म मात्र कागदोपत्री बराच नेमका सांगता येतो. १६३४ मध्ये जॉर्ज गॅरार्ड नावाच्या पाद्र्याने आयर्लंडचा कारभार पाहणाऱ्या थॉमस वेंटवर्थ ह्यास लिहिलेल्या एका पत्रात राजधानीतील नवलाच्या बातम्या कळविल्या आहेत. त्यांत कॅप्टन बेली नावाच्या निवृत्त दर्यावर्दीची हकीगत येते. ह्या गृहस्थाने चार गाड्या बांधविल्या, गाडीवानांना एकसारखा पोशाख दिला, आणि स्ट्रँड ह्या रस्त्यावरील ‘मेपोल’पाशी, म्हणजे वसंतोत्सवाच्या खांबापाशी, त्यांना दिवसभर उभे राहण्यास सांगितले. कोठे जाण्यास किती घ्यावयाचे हेही त्याने बांधून दिले होते. लवकरच इतर गाडीवाले त्याच जागी येऊन त्याच दराने उतारू नेऊ लागले. त्यापूर्वी भाड्याची गाडी हवी असल्यास मालकाच्या तबेल्यावर किंवा खाणावळीच्या आवारात जावे लागे. आता गाडी रस्त्यावर येऊन उतारूची वाट पाहू लागली.

ह्या घटनेतील नावीन्य गाडीत नव्हते, उभे राहण्यात होते. इंग्रजीत तळाला ‘स्टँड’ हा शब्द पडला तो ह्या उभे राहण्यावरूनच. मराठीने तो ‘स्टँड’ म्हणून तसाच उचलला आहे. परंतु तत्पूर्वी आपल्याकडे रूढ असलेले शब्द निराळ्या अंगाने आलेले आहेत. ‘तळ’ हा मुक्कामाचा शब्द, लष्कराचा किंवा बैलगाड्यांच्या तांड्याचा. पुण्यात हडपसरला ‘गाडीतळ’ हे नाव अजून नांदते. ‘अड्डा’ हा एकत्र जमण्याचा शब्द. दोहोंत थांबणे आहे, रांग नाही. इंग्रजीत ‘स्टँड’च्या जोडीला ‘रँक’ हा शब्द आला, तो सैनिकांच्या ओळीवरून, आणि त्याबरोबर क्रमाची कल्पना आली. ज्या दिवशी गाड्या नुसत्या उभ्या न राहता रांगेने उभ्या राहू लागल्या, त्या दिवशी रांग राखणाऱ्याची गरज उत्पन्न झाली.

बेलीच्या चार गाड्यांना असा मनुष्य लागला नाही, कारण चारही गाड्या त्याच्याच होत्या. मालक एक असला म्हणजे पहिली गाडी गेली काय आणि तिसरी गेली काय, पैसा एकाच खिशात पडतो. जागा सर्वांची आणि गाड्या अनेकांच्या झाल्या की तंटा ठेवलेलाच. सरकारला प्रथम ह्या तंट्यापेक्षा गर्दीची चिंता वाटली. पहिल्या चार्ल्स राजाने १६३६ च्या आरंभी काढलेल्या जाहीरनाम्यात भाड्याच्या गाड्यांना शहरात मज्जाव केला. फक्त तीन मैल वा अधिक दूर बाहेरगावी जाणाऱ्यांना मोकळीक होती. हा हुकूम फार काळ पाळला गेला नाही. १६६२ च्या कायद्याने चारशे गाड्यांना परवाने दिले, १६९४ मध्ये ही संख्या सातशे झाली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या आरंभी संख्येचे बंधनच उठले. त्यापूर्वी, १८२३ मध्ये, ‘कॅब्रिओले’ ही हलकी दुचाकी गाडी भाड्याने फिरू लागली होती. तिच्या नावाचे ‘कॅब’ असे लघुरूप होण्यास फार वर्षे लागली नाहीत. १८३४ मध्ये जोसेफ हॅन्समने आपल्या गाडीचा एकाधिकार मिळविला. गाड्या वाढल्या, तळ वाढले, आणि निदान डिकन्सच्या तारुण्यात तरी तळावरचा वॉटरमन हा लंडनकरांच्या नित्य ओळखीचा झाला होता.

त्याचे काम नेमके काय होते? ह्यासंबंधी सर्वांत विश्वसनीय साक्ष हेन्री मेह्यू ह्या पत्रकाराची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनच्या श्रमजीवी वर्गांची त्याने जी प्रत्यक्ष चौकशी केली, ती पुढे ‘लंडन लेबर अँड द लंडन पुअर’ ह्या ग्रंथात संगृहीत झाली. तीत वॉटरमनची तीन कामे येतात. घोड्यांना पाणी पुरविणे हे पहिले. गाडीवान जागेवर नसताना घोड्यांवर नजर ठेवणे हे दुसरे. आणि तळावर येण्याजाण्याचा क्रम पाळला जातो की नाही हे पाहणे, म्हणजे जो आधी आला त्याला आधी जागा मिळेल अशी व्यवस्था ठेवणे, हे तिसरे.

पहिले काम दिसणारे होते. तळ बहुधा पाण्याच्या पंपाच्या आसपास असे. बादल्या भरावयाच्या, दिवसभर रस्ते तुडवून आलेल्या घोड्यांपुढे धरावयाच्या. हिवाळ्यात हे काम किती कष्टाचे असेल ह्याची कल्पना डिकन्सच्याच ‘स्केचेस बाय बॉझ’मधील गाडीतळावरच्या निबंधावरून येते. तेथे वॉटरमन पाय गरम ठेवण्यासाठी पंपापुढे नाच करीत असलेला दिसतो. वाचकाला हसू येते; ओल्या दगडांवर तासन् तास उभे राहणाऱ्यास ते येत नसावे.

दुसरे काम पहिल्याच्या पोटातलेच होय. गाडीवान चहाला, जेवणाला, आणि स्पष्टच बोलावयाचे तर अधिक वेळा मद्याला जात असे. तेवढ्या वेळात घोडा बिथरू नये, पुढची गाडी निघून गेल्यावर रांगेत खंड पडू नये, आणि उतारू आला तर गाडी हाकणारा सापडावा, हे सर्व एका माणसाच्या लक्षावर अवलंबून होते. कोणता गाडीवान कोणत्या मद्यगृहात सापडेल ही माहिती हेच त्याचे भांडवल. अशा ज्ञानाला विद्या म्हणण्याची प्रथा नाही. तथापि ते ज्याच्यापाशी नव्हते त्याच्याकडून तळ चालला नसता.

तिसरे काम मात्र डोळ्यांना दिसत नाही. रांग नीट चालली असताना रांग राखणारा काहीच करीत नाही असे वाटते; तो नसेल त्या दिवशीच तो काय करीत होता हे कळते. हाक ऐकून मागच्या गाडीने पुढे घुसावे, उतारूने अधिक चांगला घोडा पाहून मधलीच गाडी मागावी, दोन गाडीवानांनी एकाच पेटीला हात घालावा, हे प्रसंग रोजचे. तेथे जो निवाडा द्यावयाचा तो क्षणात, रस्त्यावर, आणि ज्यांच्याविरुद्ध द्यावयाचा त्यांच्याच पैशावर जगून द्यावयाचा.

हा पैशाचा भाग येथे महत्त्वाचा आहे. मेह्यूच्या नोंदीप्रमाणे जुन्या पद्धतीत गाडी तळावर आली की गाडीवानाने वॉटरमनला एक पेनी द्यावयाची, आणि तळावरून भाडे मिळून निघाली की आणखी अर्धा पेनी. हे दोन हप्ते लक्षपूर्वक पाहिले तर पहिल्या प्रश्नाचे अर्धे आणि दुसऱ्याचे बरेचसे उत्तर त्यांत सापडते. वॉटरमन केवळ पाण्याचा मोबदला घेत असता तर येतानाची पेनी पुरेशी होती. पाणी प्यालेल्या घोड्याला उतारू मिळो वा न मिळो, पाण्याची किंमत बदलत नाही. जातानाचा अर्धा पेनी उतारू मिळाल्यावरच द्यावयाचा होता. म्हणजे तो क्रमाचा, पुकाराचा, गाठ घालून दिल्याचा मोबदला होता. पिकविकांचा गाडीवान टॉमीला भाडे अवघ्या एका शिलिंगाचे असल्याचे का सांगतो, हेही आता उमगते. मिळकतीतला थोडासा वाटा ज्याला द्यावयाचा त्यालाच मिळकत किरकोळ असल्याचे ऐकविले जाते. गाडीवानांना, सारांश, पक्के ठाऊक होते की हा मनुष्य दोन प्रकारचे काम करतो. ते त्याला दोन प्रकारे पैसे देत होते. नाव मात्र एकाच प्रकारच्या कामावरून पडले.

नाव असेच का पडले, ह्याला भाषेच्या दृष्टीने फारसे गूढ कारण शोधण्याची जरुरी नाही. सेवकवर्गाची नावे बहुधा हातातील वस्तूवरून पडतात. दिवटी धरणारा तो दिवट्या, चवरी ढाळणारा तो चवरीवाला. वॉटरमनच्या हातात बादली होती. त्याच्या डोक्यात असलेली रांग कोणाला दिसली नाही. मराठीतही ‘पाणक्या’ ह्या नावाने घरात वावरणारा मनुष्य पाणी भरण्यापलीकडे कितीतरी कामे करीत असे, पण शब्दाने घागरीच्या पुढे पाऊल टाकले नाही. ह्याच्या उलट ‘हॅक्नी’ ह्या शब्दाची गती पाहण्यासारखी आहे. तो मूळ भाड्याच्या साध्या घोड्याचा. त्यातून भाड्याची गाडी, मग भाडोत्री लेखक, आणि शेवटी अतिवापराने झिजलेला वाक्प्रचार, असा अर्थाचा लांब प्रवास त्याने केला. घोड्याच्या नावाला जे साधले ते घोड्याला पाणी पाजणाऱ्याच्या नावाला साधले नाही.

कायद्याने ह्या सेवकाची दखल घेतली ती त्याच नावाने. १८४३ मध्ये लंडनमधील भाड्याच्या वाहनांसंबंधी जो कायदा झाला त्यात गाडीवान, लोकवाहनांवरील वाहक आणि वॉटरमन अशा तिघांना परवाना व क्रमांकाचा धातूचा बिल्ला घेण्याची सक्ती करण्यात आली. नशा, शिवीगाळ, दांडगाई ह्यांसाठी तिघांनाही एकाच कलमाखाली शिक्षा होती. १८५० मध्ये ह्या वाहनांच्या निबंधकाचे काम पोलीस आयुक्तांकडे गेले आणि तळांची व्यवस्था त्यांच्या हाती आली. जबाबदारी सांगताना कायद्याने वॉटरमनला गाडीवानाच्या बरोबरीला बसविले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मोबदल्याच्या किंवा प्रतिष्ठेच्या बाबतीत ती बरोबरी कोठे आढळत नाही.

वॉटरमनच्या हातातील क्रम मात्र ह्याच सुमारास एका मोठ्या तत्त्वाचा भाग बनत होता. १८३१ च्या कायद्यानुसार रस्त्यावर उभी असलेली भाड्याची गाडी, ती आधीच ठरलेली नसल्यास, भाड्यासाठी उपलब्ध आहे असे मानले जाऊ लागले. उतारूला नाकारण्याचा अधिकार गाडीवानाला उरला नाही. मनुष्य कोण आहे, श्रीमंत की गरीब, आवडता की नावडता, हे पाहावयाचे नाही. पाळी आली की गेले पाहिजे. ह्या नियमावरून इंग्लंडच्या वकिलांच्या एका जुन्या आचारधर्माला पुढे नाव मिळाले. आपल्या क्षेत्रातील आणि योग्य शुल्काचे काम आले तर पक्षकार कितीही अप्रिय असला तरी बॅरिस्टरने ते नाकारू नये, हा तो धर्म. १७९२ मध्ये टॉमस पेनचा बचाव केल्याबद्दल टॉमस अर्स्किनला युवराजाच्या पदरचे पद गमवावे लागले. त्या प्रसंगी त्याने केलेले प्रतिपादन ह्या तत्त्वाचे अभिजात उदाहरण मानले जाते. तत्त्व असे जुने, परंतु त्याचे नाव ‘कॅब-रँक रूल’, म्हणजे गाडीतळाच्या रांगेचा नियम, असे पडले आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांतही वकिलाने, विशेष कारण नसल्यास, आपण जेथे व्यवसाय करतो तेथील काम स्वीकारले पाहिजे, असे बंधन आहे. आपल्याकडील वकीलही चर्चेत त्याचा निर्देश ह्याच इंग्रजी नावाने करताना आढळतात. रांग न्यायाचे रूपक होऊन बसली. ती रोज चालवून दाखविणाऱ्याचे नाव त्या रूपकात कोठे आलेले नाही.

तळाबाहेर ह्या कामाला प्रतिस्पर्धी होते, त्यांचा उल्लेख थोडक्यात करावयास हवा. रेल्वे कंपन्यांनी आपल्या स्थानकांच्या आवारात फक्त पैसे भरणाऱ्या गाड्यांना प्रवेश देण्याची प्रथा पाडली होती. तेथे क्रम मोफत नव्हता, तो विकला जात होता. १९०७ च्या कायद्याने लंडनमधील ही प्रथा बंद केली. मोठी हॉटेले आणि क्लब ह्यांचे द्वारपाल शिट्टी वाजवून गाडी बोलावीत. एका शिट्टीने चारचाकी, दोन शिट्ट्यांनी हॅन्सम, असा संकेत होता. पहिल्या महायुद्धात ह्या शिट्ट्यांवर लंडनमध्ये बंदी आली. नाटकगृहांच्या दारी ‘लिंकमन’ असे. ‘लिंक’ म्हणजे मशाल. रस्त्यावर दिवे नव्हते त्या काळी तो मशाल घेऊन लोकांना वाट दाखवी. गॅसचे दिवे आल्यावर मशाल विझली, तरी नाटक सुटल्यावर गाड्या पुकारणाऱ्या माणसाला लिंकमन हेच नाव राहिले.

ह्या लिंकमनमुळे एक अडचण उभी राहते. नावामुळे वॉटरमनचे खरे काम झाकले गेले आणि म्हणून तो नाहीसा झाला, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु मशाल गेल्यावरही मशालजी टिकला, मग पाणी गेल्यावर पाणक्या का टिकू नये? फरक नावात नसून धन्यात असावा. लिंकमनला नाटकगृहाचा आधार होता. वॉटरमनला कोणी एक धनी नव्हता. गाडीवान त्याला पैसे देत, पण त्याने त्यांच्या विरुद्धही निवाडा द्यावा अशी अपेक्षा होती. उतारू त्याची सेवा घेत, पण ती त्याला देणे लागतो असे फारसे कोणाला वाटत नसे. पोलीस त्याच्यावर देखरेख ठेवीत. अशा माणसाचे काम काय हे सांगणारी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे त्याचे नाव. आणि नाव तर पाण्याचे होते. नावाने त्याचा घात केला असे सरसकट म्हणता येणार नाही. परंतु त्याच्या बाजूने बोलणारे दुसरे कोणी नसताना नावही गप्प राहिले, एवढे निश्चित म्हणता येईल.

पाणी त्याच्या हातून कसे गेले हे तर तारीखवार सांगता येते. १८५९ मध्ये लंडनमध्ये सार्वजनिक पिण्याच्या पाण्याचे नळ उभारण्यासाठी एक धर्मादाय संस्था निघाली. १८६७ मध्ये तिने जनावरांसाठी हौद बांधण्याचे कामही आपल्या नावात समाविष्ट केले. रस्तोरस्ती ग्रॅनाइटचे लांबट हौद आले, आणि घोडा स्वतः मान घालून फुकट पाणी पिऊ लागला. भूतदयेचे हे कार्य निःसंशय उत्तम होते. एका पेनीवर जगणाऱ्या माणसाचा त्यात विचार झाला नाही, इतकेच. १८७५ मध्ये गाडीवानांसाठी निवारे बांधण्याचा निधी निघाला. तळाच्या कडेला, घोडागाडीपेक्षा अधिक जागा न व्यापणाऱ्या हिरव्या लाकडी खोल्या उभ्या राहिल्या. आत स्वस्त अन्न आणि गरम चहा मिळे, मद्य मिळत नसे. गाडीवान आता तळावरच सापडू लागला. त्याला मद्यगृहातून शोधून आणण्याचे कामही संपले. १९०३ मध्ये पेट्रोलवर चालणारी पहिली कॅब लंडनमध्ये आली, १९०७ मध्ये भाडेमापक यंत्राची सक्ती झाली, आणि त्या यंत्राच्या ‘टॅक्सिमीटर’ ह्या नावावरून गाडीच ‘टॅक्सी’ झाली. लंडनच्या शेवटच्या घोडा-कॅबचा परवाना १९४७ मध्ये परत करण्यात आला. घोडाच नाही म्हटल्यावर त्याला पाणी पाजणाऱ्याची आवश्यकता कोणाला वाटणार? रांग गाडीवान आपापसांत राखू लागले.

मुंबईचा अनुभव ह्याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. भाड्याच्या वाहनांसाठी तेथे १८६३ मध्ये कायदा झाला, आणि १९२० मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. व्हिक्टोरिया गाड्यांच्या जोडीला १९११ मध्ये मोटार टॅक्सी आली. व्हिक्टोरिया मात्र, करमणुकीपुरत्या का होईना, २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवीपर्यंत रस्त्यावर होत्या. येथे तळावरच्या पाण्याचे काम एका नावाखाली कधी गोळा झाले नाही. घोड्याकडे पाहणारा सईस किंवा मोतद्दार हा मालकाचा नोकर होता. पाणी दानशूर व्यापाऱ्यांनी बांधलेल्या प्याऊंतून मिळे, आणि त्यांपैकी कित्येकांना जनावरांसाठी हौद जोडलेले होते. क्रमाचा शब्द स्वतंत्रपणे आला, तोही इंग्रजीतूनच, पण ‘रँक’ नव्हे, तर ‘नंबर’. ‘नंबर लावला’, ‘नंबर आला’, ‘नंबर तोडला’ ही क्रियापदे मराठीने स्वतःच्या बळावर घडविली. टॅक्सीच्या तळापासून दवाखान्यापर्यंत ती सर्वत्र चालतात. वाटून भाडे घेणाऱ्या टॅक्सींच्या तळांवर उतारूंना हाका घालून, माणसे मोजून गाड्या भरून देणारे लोक मुंबईकरांच्या परिचयाचे आहेत. त्यांच्या कामाला मराठीत एकच एक रूढ नाव नाही. चुकीचे नाव असणे आणि नावच नसणे, ह्यांत कामगाराच्या दृष्टीने कोणते अधिक वाईट, हे सांगणे कठीण आहे.

लंडनमध्ये हे काम अलीकडे परत आले आहे. रात्री उशिरा, नाटकगृहे आणि मद्यगृहे सुटण्याच्या वेळी, काही तळांवर चकाकती बंडी घातलेले लोक उभे असतात; ते उतारूंची रांग लावतात, गाड्या क्रमाने सोडतात, तंटे मिटवितात. त्यांना ‘मार्शल’ म्हणतात. हा शब्द मूळ जर्मानिक भाषांतला असून त्याचा व्युत्पत्त्यर्थ घोड्यांचा सेवक असा होतो. राजांच्या तबेल्यातून निघून तो दरबारात आणि तेथून सेनापतिपदापर्यंत पोहोचला, आणि आता, त्याचा घोडा लोक विसरून गेल्यानंतर, टॅक्सीच्या तळावर आला आहे.

जुन्या तळांच्या खुणा तुरळक आहेत. गाडीवानांच्या साठाहून अधिक निवाऱ्यांपैकी तेरा उभे आहेत. हौद पुष्कळ ठिकाणी आहेत. त्यांत बहुधा माती घालून फुलझाडे लावलेली असतात. वॉटरमनचे क्रमांक घातलेले बिल्ले अधूनमधून विक्रीस येतात, आणि जुनी नाणी व बिल्ले जमविणाऱ्यांच्या संग्रहांत नोंदविले जातात.